ड्यूकची मिळकत येते कोठून? ऐतिहासिक प्रणयकादंबरी, वंशभेद आणि गुलामगिरी

रुजुवात

इंग्रजीतील ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या मी वर्षानुवर्षे आवडीने वाचत आले आहे, त्यामुळे 'मग असली पुस्तके वाचावीतच कशाला' एवढ्या उत्तरावर हा विषय मिटू नये अशी माझी इच्छा आहे. ज्या साहित्यप्रकारावर जीव आहे, त्याच्याकडूनच अपेक्षा ठेवाव्याशा वाटतात. या कादंबऱ्यांत गुलामगिरीविषयी जे मौन पाळले जाते ते लेखक स्वतः निवडतो, त्याचे खापर त्या काळावर फोडता येत नाही, आणि या मौनामुळे प्रेमकथेचा पायाच, म्हणजे दोघांची मोकळी संमती, पोकळ होत जातो, असे माझे मत आहे.

सर्वाधिक लोकप्रिय असलेला रीजन्सीचा काळ घेऊ. तिसऱ्या जॉर्जच्या आजारपणामुळे त्याच्या मुलाने कारभार पाहिला ती १८११ ते १८२० ही वर्षे. ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ती १८०७ मध्ये, पण प्रत्यक्ष गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. म्हणजे नाच, बग्ग्या, लंडनमधला लग्नसराईचा हंगाम आणि आपले सगळे देखणे ड्यूक बरोबर या दोन तारखांच्या मध्ये वावरतात. गुलामांची नवी खरेदी थांबली होती, पण जमैका, बार्बाडोस, अँटिग्वा येथील उसाच्या मळ्यांवर जुनी मालकी तशीच चालू होती आणि तिचे उत्पन्न इंग्लंडमधल्या हवेल्यांत येत होते.

हे उत्पन्न किती घरांत येत होते याचा अंदाज नुकसानभरपाईच्या नोंदींवरून येतो. १८३३ च्या कायद्याने २ कोटी पौंडांची भरपाई दिली आणि ती संपूर्णपणे मालकांच्या पदरात पडली. जे सुमारे ८ लाख लोक मुक्त झाले त्यांना एक पेनीही मिळाली नाही, उलट त्यांच्यापैकी बहुतेकांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे बिनपगारी राबावे लागले. ही रक्कम तेव्हाच्या सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज २०१५ मध्ये पूर्ण फिटले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने या दाव्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. दावेदाराचे नाव, मळा, तेथील गुलामांची संख्या आणि हाती पडलेली रक्कम असे सगळे तेथे दिसते. त्या नावांत सरदार आहेत, तसेच पाद्री आहेत, विधवा आहेत, लग्न न झालेल्या आत्याबाई आहेत. यॉर्कशरमधील हेअरवुड हाउस हे आज पर्यटकांचे आवडते ठिकाण आहे. तेथील अर्लला बाराशेहून अधिक गुलामांपोटी सुमारे २६,००० पौंड मिळाले होते.

आता कादंबरीतला एक नेहमीचा प्रसंग आठवा. लग्न ठरते, दोन्ही बाजूंचे वकील दिवाणखान्यात बसतात, वधूच्या हातखर्चाची वार्षिक रक्कम आणि वैधव्य आले तर तिच्यासाठी करायची तजवीज कागदावर येते, आणि नायक किती उदार आहे हे त्या आकड्यावरून आपल्याला कळते. प्रत्यक्षातल्या अशा कित्येक करारांत ती रक्कम मळ्यावर बोजा म्हणून चढवलेली असे आणि मळा म्हणजे त्यावरची माणसेही. एखाद्या मुलीचा हातखर्च कोण्या जमैकातल्या बाईच्या श्रमावर आणि तिच्या पुढे जन्मणाऱ्या मुलांवर तारण ठेवलेला असे. नायकाचे औदार्य ज्या कागदावर दिसते त्याच कागदावर हेही लिहिलेले असायचे. कादंबरीकार पहिले वाचून दाखवतात आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतात, ही माझी तक्रार आहे.

काळच तसा होता, हे उत्तर मला पटत नाही, कारण त्या काळात लिहिणारी जेन ऑस्टिन मूग गिळून बसलेली नाही. १८१४ च्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये घरमालकाची मालमत्ता अँटिग्वात आहे, फॅनी त्याला गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि त्यावर खोलीत स्मशानशांतता पसरते, असे ती स्वतःच सांगते. १८१७ मध्ये अपुऱ्या राहिलेल्या 'सँडिटन'मध्ये तर वेस्ट इंडीजहून आलेली मिस लॅम्ब ही मिश्रवंशीय श्रीमंत तरुणी आहे. गोऱ्यांखेरीज कोणी त्या समाजात नव्हतेच, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे असावे. १९२१ पासून लिहू लागलेल्या जॉर्जेट हेयर यांनी जी रीजन्सी घडवली आणि पुढच्यांनी जी गिरवली, ती या बाबतीत खुद्द त्या काळातल्या लेखिकेपेक्षा कितीतरी अधिक सोवळी आहे.

अमेरिकेकडची परंपरा याहून उघड आहे. आधुनिक ऐतिहासिक प्रणयकादंबरीची सुरुवात जिच्यापासून मोजतात ती 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' (१९७२) इंग्लंडमधून चार्ल्सटनच्या मळेवाल्याच्या घरी जाते. तिच्या आधी 'गॉन विथ द विंड'ने (१९३६) इमानी, मायाळू, मालकिणीसाठी जीव टाकणारी दाई जगभर पोहोचवली होतीच. त्या कादंबरीवरच्या चित्रपटात दाईची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० मध्ये ऑस्कर मिळाले, पण समारंभात त्यांना सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर बसवले होते.

तिसरा प्रहर

लेख अभ्यासपूर्ण आहे आणि त्यातल्या तथ्यांबद्दल माझा वाद नाही. वाद अपेक्षेबद्दल आहे. प्रणयकादंबरी हा वाचकाशी केलेला एक करार असतो: अडचणी येतील, पण शेवट गोड होईल. घरचे-बाहेरचे सगळे उरकून रात्री अर्धा तास हाती लागलेल्या वाचकाला तो करार हवा असतो आणि त्यात गैर काही नाही. कोळशाच्या खाणीत उतरणारी मुले, गिरण्यांतील स्त्रिया, उपाशी आयर्लंड हे सगळे त्याच काळात होते. प्रत्येकाचा हिशेब द्यायचा ठरवले तर प्रेमकथा राहणारच नाही.

शिवाय हल्ली हे विषय आणले जातात ते कसे? नायक कुठेतरी दोन ओळींत सांगतो की वडिलांकडून आलेला मळा त्याला असह्य झाला म्हणून त्याने तो विकून टाकला. नायिका कौतुकाने पाहते आणि पुढच्या पानावर नाच सुरू होतो. असे गुलामगिरीचे नाव तोंडी लावण्यापुरते घेण्यापेक्षा मौन परवडले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पिंपळपान

तिसरा प्रहर, तुम्ही दिलेले उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. नायकाने मळा विकला, म्हणजे माणसे विकली. खरेदीदाराने त्यांचे काय केले, कोणाची आई कोठे गेली आणि मूल कोठे, हे त्याने विचारले का? आणि आलेले पैसे कोणत्या बँकेत ठेवून तो आता नायिकेला हिऱ्यांचा हार घेतो आहे? हे प्रश्न पडले असते, तर एक अतिशय चांगली कादंबरी तिथेच सुरू झाली असती. त्या दोन ओळी खटकतात त्या विषय आणल्यामुळे नव्हे. विषय आणून लेखकाने लगेच नायकाला नामानिराळे केले, म्हणून त्या खटकतात.

रुजुवात

पिंपळपान यांच्याशी पूर्ण सहमत. खाणी आणि गिरण्यांबद्दल एवढेच म्हणेन की ज्या कादंबरीचा नायक गिरणीमालक असेल तिने गिरणी दाखवावी, आणि चांगल्या लेखिकांनी ती दाखवली आहे. माझी मागणी जगातल्या सगळ्या दुःखांची यादी देण्याची नाही. नायकाच्या खिशातल्या पैशाची आहे.

हा विषय आणला की प्रेमकथेत प्रवचन घुसते, असाही एक सूर असतो. प्रत्यक्षात तो त्या काळच्या चहाच्या टेबलावरच होता. १७९१ पासून इंग्लंडमधल्या लाखो लोकांनी वेस्ट इंडीजची साखर टाकली, आणि घरात साखर कोणती यायची हे ठरवणाऱ्या बायका या चळवळीचा कणा होत्या. १८२० च्या दशकात तर पांढऱ्या चिनी मातीची साखरेची भांडी मिळत, त्यांवर ठळक अक्षरांत 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली' असे लिहिलेले असे; काहींवर पुढे हिशेबही असे, की सहा कुटुंबांनी ही साखर वापरली तर एक गुलाम कमी लागेल. पाहुण्यांसमोर ते भांडे ठेवणे म्हणजे आपली बाजू जाहीर करणे होते. १८२४ मध्ये लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी, मुक्ती टप्प्याटप्प्याने नको, ताबडतोब हवी, असे पत्रक काढून संसदेतल्या सावध पुरुष पुढाऱ्यांनाच अडचणीत आणले.

जी मुलगी साखर नाकारते आणि ज्या तरुणाचे घर साखरेवर चालते, ती दोघे पहिल्यांदा चहाच्या टेबलाशी भेटतात. प्रणयकादंबरीला यापेक्षा चांगला संघर्ष आणखी कोणता हवा? रुसवे-फुगवे आणि गैरसमज यांच्यावर तीनशे पाने रेटण्यापेक्षा हा खरा अडथळा आहे.

दर्यावर्दी

मी पुस्तकांपेक्षा मालिकांकडून या विषयाकडे आलो, तेव्हा 'ब्रिजर्टन'बद्दल बोलतो. २००० मध्ये सुरू झालेल्या मूळ पुस्तकमालेत सगळे गोरे होते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या नेटफ्लिक्सच्या मालिकेने ड्यूक कृष्णवर्णीय केला, राणी शार्लटही कृष्णवर्णीय केली, आणि राजाचे तिच्यावर प्रेम बसल्यामुळे समाजातली फूट सांधली गेली असे एका संवादात सांगितले. एरवी ज्यांच्या वाट्याला मोलकरणीची किंवा गाडीवानाची भूमिका येते त्यांना मखमली अंगरख्यात, नाचाच्या मधोमध पाहण्याचा आनंद मोठा आहे आणि तो मला कोणाचाही हिरावून घ्यायचा नाही. प्रत्येक कृष्णवर्णीय पात्राने पडद्यावर चाबूकच खाल्ला पाहिजे, ही अपेक्षाही अन्यायाची आहे.

पण एका राजाच्या प्रेमाने वंशभेद मिटला असेल, तर या जगात कॅरिबियनमध्ये काय चालले आहे? साखर कोठून येते? मालिका या प्रश्नावर कानावर हात ठेवते. वंशभेद हा मनातला गैरसमज होता आणि प्रेमाने तो दूर झाला, असे तिचे गणित आहे. वंशभेदाच्या मुळाशी जमीन, मजुरी आणि वारसाहक्क होते, ते प्रेमाने कसे दूर झाले असतील?

आपल्याला लागू पडणारी एक गोष्टही त्यात आहे. २०२२ च्या दुसऱ्या भागात मुंबईहून लंडनला आलेल्या शर्मा बहिणी आहेत, आणि एडविनाला येणाऱ्या भाषांत चक्क मराठीचा उल्लेख होतो. तो ऐकून आपल्यापैकी अनेकांना भरून आले असेल, मलाही आले. कथा १८१४ ची आहे. इंग्रज आणि मराठे यांच्यातली असईची लढाई होऊन जेमतेम अकरा वर्षे झाली आहेत आणि पुण्यात अजून दुसरा बाजीराव गादीवर आहे. हिंदुस्थानातून लूट आणि बक्षिसीची रक्कम घेऊन परतलेला लष्करी अधिकारी हा तर रीजन्सी कादंबरीचा हुकमी नायक. त्या नाचात एडविनासमोर असईहून आलेला एखादा कर्नल उभा राहिला असता तर ती त्याच्याशी काय बोलली असती, हे मला पाहायला आवडले असते.

पिंपळपान

मला संमतीच्या मुद्द्याकडे परत जायचे आहे, कारण सगळ्यात जास्त पडझड तेथे झाली आहे. मळ्याचा मालक आणि त्याची गुलाम स्त्री यांची 'प्रेमकथा' हा प्रकार अनेक दशके विकला गेला आणि अजूनही मधूनमधून डोके वर काढतो. व्हर्जिनियात १६६२ पासून कायदा होता की मूल आईची स्थिती घेऊन जन्मते. म्हणजे मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेले मूल ही त्याच्या मालमत्तेत पडलेली भर असे. ज्या घरात नकार देण्याचा हक्कच नाही तेथे होकाराला काय अर्थ उरतो? पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसनच्या मुलीसोबत सॅली हेमिंग्ज १७८७ मध्ये पॅरिसला गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तो चाळिशी ओलांडलेला तिचा मालक. दोन शतके कुजबुजीत असलेल्या त्यांच्या संबंधाला १९९८ च्या डीएनए चाचणीने बळकटी दिली, आणि तरीही त्या कहाणीला 'प्रणय' म्हणण्याची मखलाशी चालूच राहिली.

गुलाम स्त्रिया प्रेम करत नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. हॅरिएट जेकब्स यांचे १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन वाचा. तरुणपणी त्यांचे एका स्वतंत्र कृष्णवर्णीय सुतारावर प्रेम होते. तो लग्नाला तयार होता, तिला विकत घेऊन सोडवायलाही तयार होता, पण मालकाने साफ नकार दिला, कारण त्याची नजर तिच्यावर होती. पुढे त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. त्या जागेत ताठ उभेही राहता येत नसे. लाकडाला पाडलेल्या भोकातून ती खाली रस्त्यावर आपली मुले पाहत असे. पुस्तकाच्या शेवटी ती वाचकाला उद्देशून लिहिते की माझी कथा नेहमीप्रमाणे लग्नाने संपत नाही, स्वातंत्र्याने संपते. 'जेन एअर' चौदाच वर्षांपूर्वी आली होती आणि तिच्यातली नायिका वाचकाला उद्देशूनच आपल्या लग्नाची वार्ता देते. प्रणयकादंबरीचे नियम जेकब्सना चांगले ठाऊक होते, आणि ते कोणाला परवडतात हेही.

तिसरा प्रहर

जेकब्स यांचे उदाहरण मला विचार करायला लावणारे आहे. पण मग सरळ विचारतो. गुलामगिरीच्या काळात घडणारी, शेवट गोड असलेली आणि तरीही प्रामाणिक प्रणयकादंबरी शक्य आहे का? की या काळाला हा साहित्यप्रकार वर्ज्यच मानायचा?

रुजुवात

शक्य आहे आणि ती लिहिली गेली आहे. बेव्हर्ली जेन्किन्स यांची 'इंडिगो' (१९९६) मिळवून वाचाच. नायिका हेस्टर वायट मिशिगनमध्ये राहते आणि पळून आलेल्या गुलामांना आपल्या घरात आसरा देते. लहानपणी निळीच्या मळ्यावर राबल्यामुळे तिच्या हातांचा रंग कायमचा बदललेला आहे, आणि ती ते हात मोज्यांत लपवते. नायकही कृष्णवर्णीय, श्रीमंत, आणि याच कामात जीव धोक्यात घालणारा. तो ते हात पाहतो तेव्हा त्यांच्यावर जे गुदरले ते दोघांपैकी कोणीही विसरत नाही. हेस्टरचे वडील स्वतंत्र होते, पण तिच्या आईवरील प्रेमापोटी स्वतःहून गुलामगिरीत शिरले, हा धागाही कथेत आहे. प्रेमाची किंमत काय असू शकते याचे मी वाचलेले हे सर्वांत कठोर चित्र आहे. जेन्किन्स आपल्या कादंबऱ्यांच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी देतात. प्रणयकादंबरीतून इतिहासाकडे वाचक गेले ते अशा पानांवरून.

गोरा नायक आणि कृष्णवर्णीय नायिका असेल तर अवघड जाते, पण अशक्य नाही. अलिसा कोल यांच्या 'ॲन एक्स्ट्राऑर्डिनरी युनियन'मध्ये (२०१७) नायिका स्वतंत्र झालेली आहे आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने हेरगिरी करण्यासाठी रिचमंडमध्ये मुद्दाम गुलाम बनून राहते. नायकही त्याच बाजूचा हेर आहे. तो तिचा मालक नाही, तिच्यावर त्याचा हक्क नाही, आणि ती पावलोपावली त्याला जाणीव करून देते की पकडले गेल्यास दोघांना भोगावी लागणारी शिक्षा सारखी नसेल.

मोडीवाचक

साखरेच्या भांड्यावरून एक सांगावेसे वाटते. 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली' हे वाचून कोणाला वाटेल की हिंदुस्थानात गुलाम नव्हते. १८३३ च्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळलेला होता. येथे दासत्वाचा हक्क न्यायालयांनी मानू नये असा कायदा व्हायला १८४३ उजाडले. आणि आपल्याकडच्या पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री होत असे, त्यांच्या किमती दप्तरात नोंदलेल्या आहेत, त्या सरकारी कोठ्यांत आणि सरदारांच्या घरी राबत, आणि बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला कुणबीण करून टाकण्याची शिक्षा होती.

हे लिहिण्याचा उद्देश इंग्रजांचा दोष कमी करण्याचा अजिबात नाही. अटलांटिकमधला वंशाधारित, पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार आणि आपल्याकडची कुणबिणींची प्रथा यांत फरक आहेत आणि ते पुसू नयेत. पण आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत वाड्यात समया लावणारी, निरोप पोहोचवणारी, राणीसाहेबांच्या विरहात डोळे पुसणारी जी दासी येते, ती तेथे कशी आली, तिला कितीला घेतले, तिची मुले कोणाची, हे विचारणारी मराठी प्रेमकथा माझ्या वाचनात नाही.

दर्यावर्दी

मोडीवाचक, फार महत्त्वाचे लिहिलेत. वेळ मिळाला तर यावर सविस्तर लिहा, ही विनंती.

पुरस्कारांच्या बाजूची एक माहिती येथे नोंदवतो. अमेरिकेतील प्रणयलेखकांच्या मुख्य संघटनेचा पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकांना पहिल्यांदा मिळाला तो २०१९ मध्ये, पुरस्कार सुरू होऊन साडेतीन दशके उलटल्यानंतर. २०२१ मध्ये याच संघटनेने नव्या नावाचा पुरस्कार अशा एका कादंबरीला दिला जिचा नायक अमेरिकी सैन्याने १८९० मध्ये केलेल्या मूळनिवासी लकोटांच्या वूंडेड नी हत्याकांडात सामील असलेला सैनिक होता. तो पश्चात्ताप करतो, देवाची क्षमा मागतो आणि त्याला नायिका मिळते. मारल्या गेलेल्या लकोटा स्त्रिया आणि मुले केवळ त्याच्या आत्मशुद्धीची सोय म्हणून उरतात. निषेध झाल्यावर पुरस्कार मागे घेतला गेला.

तिसरा प्रहर

पश्चात्ताप हा प्रणयकादंबरीचा जुना आधार आहे, हे खरे. वाया गेलेला नायक प्रेमाने सुधारतो, त्याशिवाय निम्मी पुस्तके उभीच राहणार नाहीत. जुगार आणि दारू यांची क्षमा नायिका देऊ शकते, कारण त्रास तिला झालेला असतो. इतरांवर झालेल्या अत्याचाराची क्षमा तिने कोणत्या अधिकाराने द्यावी, हा प्रश्न मला मान्य आहे. प्रत्येक कादंबरीने तो सोडवावा हे मात्र अजूनही मान्य नाही.

रुजुवात

प्रत्येक कादंबरीने सोडवावा असे मीही म्हणत नाही. मला एक विशिष्ट कादंबरी वाचायची आहे. साल १८३४. नायकाला वडिलांकडून घर, कर्ज आणि बार्बाडोसमधला मळा मिळाला आहे. भरपाईचा दावा दाखल करण्याचा कागद टेबलावर आहे. त्यात माणशी रक्कम धरलेली आहे. त्याने सही केली तर कर्ज फिटेल, बहिणींची लग्ने होतील आणि नायिकेच्या नावे तजवीज करता येईल. नायिकेच्या आईने दहा वर्षे घरात ती साखर येऊ दिलेली नाही. मळ्यावरची माणसे अजून चार वर्षे 'उमेदवार' म्हणून राबणार आहेत, आणि त्यांच्यापैकी एक बाई, जिला लिहिता येते, त्या घराला पत्र पाठवते. मला त्या बाईची स्वतःची प्रेमकथाही त्याच पुस्तकात हवी आहे, निम्म्या पानांची, आणि तिचा शेवट लेखिकेने नायकाच्या सहीवर सोडलेला नसावा.